सध्या राहणार

एक कागद मी तपासाच्या फायलीत लावला नाही, पंचनाम्यात घेतला नाही आणि आजवर कुणाला दाखवलाही नाही. बायकोला नाही, सोबतच्या अधिकाऱ्यांना नाही, वरिष्ठांना तर नाहीच. ठाण्यातल्या फक्त एका हवालदाराने तो माझ्या हाती येताना पाहिला होता आणि ते आता हयात नाहीत. मी मुदतीआधी नोकरी सोडली तेव्हा लोकांनी तब्येतीचं कारण धरलं. मीही धरू दिलं. नोकरीतले बरेच गुन्हे आता पुसट झाले आहेत. हे प्रकरण मात्र तसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे.

जिल्ह्याचं नाव तेव्हा बदललेलं नव्हतं. नगर शहरातल्या एका ठाण्यात मी उपनिरीक्षक होतो, केडगाव आमच्या हद्दीत. त्या ठाण्याच्या सकाळची मला अजून ओढ वाटते. हजेरी व्हायची, रात्रपाळीची माणसं डोळे चोळत चार्ज द्यायची, वायरलेसची खरखर सुरू असायची, आणि अंगणातल्या लिंबाखाली उभ्याउभ्या पहिला चहा व्हायचा. ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी आमचे जुने हवालदार बसायचे. सगळे त्यांना मामा म्हणायचे. समोर आलेला माणूस खरं बोलतोय की खोटं, हे त्याने चप्पल कुठे काढली त्यावरून आपण ओळखतो, असं ते म्हणत. ते चुकलेले मी फारसे पाहिले नाहीत.

अशाच एका सकाळी ती मुलगी आली. पंचविशीची, कर्जतकडची, एमआयडीसीत मोटारीचं वाइंडिंग करणारी. हातात प्लास्टिकची फाईल.

मामांनी विचारलं, "नवऱ्याबद्दल तक्रार हाय का?"

"नवरा न्हाई."

"मग कोन?"

"कोनीच न्हाई आता. भाडेकरार हाय फक्त आमच्यात."

मामा हसले. "लोकांचं सातबाऱ्यावरनं भांडण, तुमचं करारावरनं. बस, पानी पी."

लग्न ठरलंय असं सांगून तिने आणि एका तरुणाने केडगावात दोन खोल्या घेतल्या होत्या. अकरा महिन्यांचा करार, दोघांची नावं, दोघांच्या सह्या. सातव्या महिन्यात तिने लग्नाला नकार दिला, कारण तो हात उगारायला लागला होता. तो निघून गेला, पण किल्ली घेऊन. ती कामावर असताना यायचा. परत आल्यावर तिला ओट्यावर दोन कप धुऊन पालथे घातलेले दिसायचे. एकदा कॅलेंडरवर लिहून गेला होता, 'अकरा महिने दोघांचे. बारावा तुझा नसंल.'

घरमालकाला बोलावलं. एसटीतून निवृत्त झालेले साधे गृहस्थ. "साहेब, सह्या दोघांच्या. मी कुनाला भाईर काढू? उद्या त्यो माझ्यावरच केस टाकंल."

मग त्याला बोलावलं. देवळाली प्रवराकडचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. आल्याआल्या करार टेबलावर ठेवला. "माझ्याच घरात मी चहा करून प्यालो, साहेब. ह्यात गुन्हा कुठला?"

 कुलूप तोडलेलं नव्हतं, मारहाणीची खूण नव्हती. अदखलपात्र नोंद घेतली, दम दिला, सोडला. तो गेल्यावर मामा म्हणाले, "साहेब, चप्पल पार टेबलापातुर घेऊन आलता. पोरीला हितनं हलवा."

मलाही ते पटलं. तिची कंपनीतली एक मैत्रीण होती, लग्न झालेली, दोघी एकाच बाकावर काम करायच्या. तिने सावेडीत खोली शोधून दिली. नव्या घरमालकिणीला मी स्वतः भेटलो, भाडेकरूचा फॉर्म स्वतः भरून घेतला. मुलीला सांगितलं, "हा पत्ता तुझी मैत्रीण, मालकीणबाई आणि मी, एवढ्यांतच राहील. निर्धास्त राहा."

ती म्हणाली, "तुमी म्हनताय म्हनून जाते, साहेब."

मग मी त्याला प्रतिबंधक नोटीस द्यायचं ठरवलं. पुढे गुन्हा घडू नये म्हणून ठाण्यातून लेखी समज द्यायची, त्याची सही घ्यायची, एक प्रत त्याला, एक दप्तरी. अशा नोटिसा शेकड्याने काढल्या असतील. आता एक सवय सांगतो, जी पोलिसाशिवाय कुणाला नसेल. आम्हाला माणसाचं नुसतं नाव लिहिता येत नाही. नाव आलं की वय, धंदा आणि 'रा.' म्हणजे राहणार, हे हातातून आपोआप उतरतं. घर बदललेलं असेल तर 'सध्या रा.' आणि 'मूळ रा.' वेगवेगळं. रायटरने नोटीस टाईप करून आणली. अर्जदार म्हणून मुलीचं नाव, पुढे रा. केडगाव. मी पाहिलं, पत्ता जुना आहे. नव्या उपनिरीक्षकांना मी नेहमी सांगायचो की कागद अचूक पाहिजे. केडगाव खोडलं. वर माझ्या हाताने लिहिलं, सध्या रा. सावेडी, आणि पुढे गल्ली, घराची खूण, मालकिणीचं नाव. खाडाखोडीवर सही केली.

त्याने नोटीस दोनदा वाचली. पोचपावतीवर सही करून घडी घातली, "बरं साहेब" म्हणाला आणि गेला. मला वाटलं, धाक बसला.

चौथ्या दिवशी, तिच्या सुट्टीच्या दुपारी, तो सावेडीत दारात उभा होता. तिने दार लावायला घेतलं. त्याने खांद्याने ढकललं, तिचा उजवा हात फटीत असताना दार पुन्हापुन्हा आपटलं, मग गळा धरला. मालकीणबाई ओरडत धावल्या म्हणून ती वाचली. दोन बोटं मात्र कामाची राहिली नाहीत. बारीक तार गुंडाळणारा हात होता तो.

दवाखान्यात तिने जबाबात पहिलं वाक्य दिलं ते असं, "पत्ता तिघांनाच ठावूक हुता."

म्हणून मी मैत्रिणीला ठाण्यात बसवलं. तीन तास. नोटिशीचा विचार त्या तीन तासांत माझ्या मनात एकदाही आला नाही, हे मी शपथेवर सांगतो. पण त्याने काही हलकं होत नाही. मी टेबल आपटलं, फोन तपासला, तिच्या नवऱ्याला बाहेर उभं केलं.

"साहेब, म्या माझ्या आईलाबी सांगितलं न्हाई."

"मग त्याला स्वप्न पडलं का?"

"तिलाच इचारा ना, मी सांगंन का ते!"

विचारलं. मुलीने भिंतीकडे तोंड फिरवलं. मैत्रीण डबा घेऊन दवाखान्यात गेली, तो डबा तसाच परत आला.

दोन दिवसांनी माझ्या एका खबऱ्याचा फोन आला. देवळालीजवळ ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान होतं त्याचं. "तुमचं पाखरू भनीच्या वस्तीवर हाय, साहेब. उसाच्या पल्याड." दिवस वर येताच आम्ही गेलो. तो अंगणात दात घासत होता. पळाला नाही. मामांनी अंगझडती घेतली. पंच म्हणून बोलावलेले दोघं अजून बांधावरून येत होते. खिशातून मोबाईल निघाला, केडगावच्या खोलीची किल्ली निघाली आणि चार घड्यांचा एक कागद निघाला. मामांनी तो उघडून माझ्यापुढे धरला.

माझं अक्षर. खाडाखोडीवर माझी सही.

"पत्ता कुणी दिला?" मी तरीही विचारलं.

तो तोंडातला फेस थुंकून म्हणाला, "म्या कुनाला इचारलंच न्हाई की. तुमीच सही करून दिलाय."

कागद मी माझ्या खिशात घातला. मामांनी माझ्याकडे पाहिलं. एवढंच म्हणाले, "पंचांना बोलवू का, साहेब?" पंचनाम्यात मोबाईल आला, किल्ली आली. त्याच्या निवेदनात मी लिहिलं, 'पत्ता ओळखीच्या व्यक्तीकडून समजला.' दप्तरातली प्रतही मी काढून घेतली. गुन्ह्याला त्या कागदाची गरज नव्हती. मालकीणबाईंची साक्ष भक्कम होती, त्याला शिक्षा झाली, आणि मला चांगल्या तपासाचं बक्षीस मिळालं. त्याआधी, तो खटल्याविना तुरुंगात असतानाच, केडगावच्या घरमालकांनी तिथे जाऊन करार मोडल्याच्या कागदावर त्याची सही आणली होती. मुलीला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा रडली. "मोडला ना, साहेब? नक्की मोडला?" दुसऱ्या महिन्यात ती गावी निघून गेली. मैत्रिणीचं नाव तिने पुन्हा घेतलं नाही.

मामा निवृत्त झाले त्या दिवशी लिंबाखाली चहा घेताना म्हणाले, "साहेब, त्या कागदाचं कायतरी करा." मी हो म्हणालो.

गेल्या उन्हाळ्यात नगरच्या बाजारात भाजी घेताना कुणीतरी हाक मारली. ती मैत्रीण. केस पांढरे व्हायला लागलेले, पोरगी कडेला उभी. "साहेब, वळखलं का? बरे हाय ना?" मी बरा आहे म्हणालो. ती निघाली, आणि परत वळली. "ती अजून माझा फोन उचलीत न्हाई वो. मी खरंच नव्हतं सांगितलं, साहेब. तुमाला तरी पटलं का?"

मी म्हणालो, "जाऊ दे आता, जुनं झालं." आणि पिशवी उचलून चालू लागलो.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं विचाराल तर एवढंच सांगीन. टेबलापलीकडच्या माणसाला दरडावून विचारणं फार सोपं असतं, आणि आपल्याच टेबलावरचा कागद सगळ्यात शेवटी दिसतो. नव्या अधिकाऱ्यांना मी सांगतो की धमकीच्या प्रकरणात अर्जदाराचा पत्ता नोटिशीत लिहू नका. का, ते आजवर सांगितलं नव्हतं.

नोटिशीच्या दोन्ही प्रती माझ्या कपाटात आहेत. त्या घेऊन मला कर्जतला त्या मुलीच्या घरी जायचं आहे, मैत्रिणीला सोबत नेऊन. दोघींसमोर बसून सांगायचं आहे की पत्ता हिने दिला नाही, मी दिला. हे माझ्याकडून अजून व्हायचं राहिलं आहे.