नेऱ्याची घोडी आणि बर्फातलं मीठ

खरं सांगायचं तर मी पनवेलला निघालो तो औषधासाठी नव्हे. औषध मामांचं होतं, माझ्या डोक्यात सुधा होती.

मामांचा पुण्यात औषधांचा छोटा कारखाना आहे. त्यांनी मुंबईच्या एका सरकारी प्रयोगशाळेशी करार केला होता. पनवेलजवळ नेरे गावी मामांनी घोडे पाळायचे, प्रयोगशाळेनं सापाचं विष मोजून पुरवायचं. विष थोडंथोडं टोचत गेलं की घोड्याच्या रक्तात विषावरचा उतारा तयार होतो. तो पुरेसा जोरकस निघाला, तर सर्पदंशावरची लस दोघांनी मिळून बनवायची. आता पहिली घोडी तयार झाली होती. तिच्या रक्ताचा नमुना काढला त्याच दिवशी मुंबईला पोचवायचा होता. नेहमीचा कंपाउंडर आजारी पडला आणि मामा म्हणाले, "कोण जाईल?"

"मी जातो," मी इतक्या जोरात म्हणालो की मामी दचकल्या.

इंटर सायन्सला कॉलेज सोडून घरी बसलेल्या भाच्याला एकदम कामाची आवड कशी लागली, हे मामांनी विचारलं नाही. सुधा माझ्या वर्गात होती. तिच्या वडिलांची बदली पनवेलच्या शाळेत झाली, ती गेली. माझ्या चार पत्रांना तिनं उत्तर दिलं नाही आणि मी रागानं परीक्षेलाच बसलो नाही. हे मी मित्रांना मोठ्या ऐटीत सांगत असे.

पुण्याहून सकाळची मोटार धरावी. घाटात उजव्या खिडकीशी बसू नका, धूळ तिकडूनच येते. दुपारी पनवेलला उतरलो. बाजारातल्या खाणावळीत बारा आण्यांत मासे-भात पोटभर मिळतो, कढी मागावी लागते. झोपायची सोयही माडीवर होते. संध्याकाळी खाडीकडे फिरून आलो. मिठाच्या राशी गवतानं शाकारून ठेवल्या होत्या, त्या लांबून झोपड्यांसारख्या दिसतात. सुधाचं घर विचारून ठेवलं, शाळेजवळच होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पत्र्याच्या पेटीत भाताचं तूस आणि बर्फ भरून टांग्यानं नेऱ्याला गेलो. रस्ता गाढी नदीच्या कडेनं जातो, समोर डोंगर, हाडं मात्र खिळखिळी होतात. टांगा जाऊन-येऊन ठरवून घ्यावा, गावात परतीचा मिळत नाही.

तबेल्यावर महादूकाका होते. लष्करात घोड्यांमागे बारा वर्षं काढलेला माणूस. घोडीचं नाव हरणी. काकांनी तिच्या मानेवरून हात फिरवला, कानात काहीतरी पुटपुटले आणि सुई कधी गेली ते मला कळलंही नाही. काळसर लाल धार बाटलीत उतरली.

"बाला, नीट आयक," काका बाटली फडक्यात गुंडाळत म्हणाले. "ही लेकरावानी न्याची. हलवायची नाय. बर्फाला टेकवायची नाय. गार पायजे, पन थंडीनं मरायला नको."

"काका, मी सायन्सचा आहे."

"आसशील. पन रगत सायन्सचं नाय, हरणीचं हाय."

टांगेवाला हसला. मला राग आला, मी पेटी उचलून निघालो.

साडेदहाची ठाण्याची मोटार होती. दहाला पनवेलला पोचलो आणि वाटलं, पाच मिनिटं. सुधा अंगणात वाल निवडत होती. मला पाहून ती उठली, पण बस म्हणाली नाही.

"पेटीत काय आहे?"

मी सगळं सांगितलं. विष, उतारा, प्रयोगशाळा. जरा फुगवूनच.

"म्हणजे हे आजच पोचलं पाहिजे?"

"हो."

"मग इथं काय करतोयस? जा ना!"

मी गेलो नाही. पत्रांचं काय झालं ते विचारलं. तिनं शांतपणे सांगितलं की पत्रं तिनं वाचली आणि ठेवली नाहीत. "आणि कॉलेज माझ्यासाठी सोडलंस असं सगळीकडे सांगू नकोस. मी सांगितलं नव्हतं." मग माझा आवाज चढला. शेजारच्या काकू दारात आल्या. मी काय काय बोललो ते इथं लिहिणार नाही, लिहवत नाही. मध्ये ती आणखी एकदा म्हणाली, "अरे, बर्फ वितळतोय." पेटीखाली खरंच ओघळ आला होता.

मोटार चुकली. पुढची एक वाजता. पेटीत पाणी झालं होतं. सरबताच्या दुकानातून बर्फ घेतला, आणि तिथं माझं अर्धवट शिक्षण जागं झालं. बर्फात मीठ घातलं की तो जास्त गार होतो, हे वर्गात शिकलो होतो. कुल्फीवालेही तेच करतात. पनवेलला मिठाला काय तोटा! शेजारच्या वखारीतून दोन शेर घेतलं, बर्फात कालवलं आणि बाटली मधोमध खुपसली. दुकानदार म्हणाला, "कुल्फी का, भाऊ?" मी त्याच्याकडे तुच्छतेनं पाहिलं.

ठाण्याला मोटारीतून उतरून पेटी उघडली, तर बाटलीवर पांढरं दव आणि आत रक्ताचा दगड.  बाटली सदऱ्याच्या आत पोटाशी धरली आणि आगगाडीत मुंबईपर्यंत तशीच शेकवली. समोरची बाई तिच्या नवऱ्याला म्हणाली, "पोटात दुखतंय वाटतं बिचाऱ्याच्या."

प्रयोगशाळेत पोचेपर्यंत रक्त पातळ झालं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली. रक्त थिजून खाली बसायला हवं आणि वर पिवळसर पाणी दिसायला हवं. त्या पाण्यातच उतारा असतो. आमची बाटली वरपासून खालपर्यंत कोकमाच्या सारासारखी लाल होती.

"रक्त फुटलंय," त्या म्हणाल्या. "पेशी फुटून रंग पाण्यात उतरलाय. तपासता येणार नाही. काढताना सुई ओली होती का?"

सुई ओली असली तरी रक्त फुटतं, हे मला तेव्हा कळलं. आणि मी म्हणालो, "असेल. तिकडे महादू म्हणून माणूस आहे. अडाणी आहे."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, पाकिटात घातलं आणि म्हणाल्या, "हे उद्या तबेल्यावर द्या."

तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा नेऱ्याला. काका वाट पाहत होते. काकींनी तांदळाची भाकरी आणि सुकट पुढं ठेवली. काकांना वाचता येत नव्हतं.

"वाच रं बाला. काय म्हंते सरकार?"

वाटेतच पाकीट फोडलं असतं तर कदाचित पळून गेलो असतो. मी वाचू लागलो: रक्त काढणाऱ्याच्या हलगर्जीमुळे नमुना निकामी. हा माणूस बदलावा. पुढचाही नमुना असाच आल्यास करार रद्द समजावा.

काका उठले. फळीवरून सुईची डबी काढली, सुई उन्हात धरून एका डोळ्यानं आरपार पाहिली. बराच वेळ. मग म्हणाले, "मी तर पान्यात उकलून, सुकवून ठेवली व्हती. म्हातारा झालो. नजर गेली आसंल." आणि काकींकडे वळून, "मालकाला सांगाया पायजे. दुसरा मानूस बगा म्हनावं."

हातातला घास मी ताटात ठेवला. म्हणालो, "काका, सुई कोरडी होती. मी बर्फात मीठ घातलं."

मग सगळंच सांगितलं. सुधाचं, मोटारीचं, पोटाशी धरलेल्या बाटलीचं, आणि 'अडाणी' हा शब्दसुद्धा. काकी उठून आत गेल्या. मला वाटलं काका मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मना कशाला सांगतंस?" ते म्हणाले. "मना आता ठाव हाय माजी सुई कशी व्हती ती. ज्या बाईनं लिवलंय, तिला सांग."

चौथ्या दिवशी हरणीला पुन्हा सुई. या खेपेला मी दिसताच तिनं कान मागं टाकले. काका स्वतः बरोबर आले. बाटली ओल्या फडक्यात, फडकं तुसात, बर्फ बाजूला, आणि पेटी मांडीवर. मला हात लावू दिला नाही. पनवेलला शाळेजवळून जाताना काकांनी विचारलं, "थांबायचं हाय का पाच मिन्टं?"

"नाही."

"बगा हां. वाल निवडून झालं नसतील आजून."

मोटारीत तीन तास मी खाली मान घालून बसलो होतो.

डॉक्टरीणबाईंनी बाटली उजेडात धरली. वर पिवळं, स्वच्छ. त्यांनी मान हलवली, तेव्हा मी मिठाचं सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, फाइलमधून परवाच्या पत्राची प्रत काढली, ती ओळ खोडली आणि दौत पुढं सरकवली. "तुम्हीच लिहा, तुमच्या अक्षरात." मी लिहिलं: नेणाऱ्यानं बर्फात मीठ घातल्यामुळे रक्त गोठून फुटलं. काढणाऱ्याचा दोष नाही. सही केली. काकांनी ती ओळ मोठ्यानं वाचायला लावली, तिथंच, शिपायासमोर.

पुण्याला परतलो. मामांना सांगितलं, पहिला नमुना वाटेत खराब झाला, दुसरा दिला. कसा झाला ते सांगितलं नाही. सुधाला माफीचं पत्र लिहायला बसलो आणि फाडलं. तिला पत्रं पुरे झाली आहेत.

नेऱ्याला कुणी जाणार असाल तर नक्की जा. डोंगर सुरेख, पाणी गोड. तबेल्यावर गेलात तर माझं नाव मात्र सांगू नका.

तीन आठवड्यांनी प्रयोगशाळेचं टपाल आलं. हरणीचं रक्त जोरकस निघालं, करार कायम, रक्त महादूकाकाच काढणार. सोबत सगळ्या तबेल्यांसाठी छापलेली सूचनापत्रिका होती. मामा जेवताना मोठ्यानं वाचत होते. बाटली हलवू नये, उन्हात ठेवू नये. सातव्या सूचनेला ते थांबले आणि हसू लागले.

"'बर्फात मीठ घालू नये'! अरे, हे काय छापायचं असतं? असा कोण गाढव निघाला असेल?"

मामीही हसल्या. मी ताटातलं मीठ बोटानं बाजूला सारत होतो.

"मी, मामा," म्हणालो.