शेवटचा हात

आईबापांनी ठेवलेलं नाव त्याला होतं, पण गॅरेजमध्ये पाऊल टाकल्यापासून ते कुणी घेतलं नव्हतं. गिऱ्हाइकं त्याला जावई म्हणत, सुट्या भागांच्या दुकानातला माणूस जावई म्हणे, आणि शेजारचा टायरवाला तर रोज सकाळी विचारायचा, "काय जावई, आज मानपान की ग्रीस?" तोही हसायचा. हसण्यावारी नेलं की गोष्ट संपते, असं त्याला सुरुवातीला वाटलं होतं.

गॅरेज सासऱ्यांचं. वर त्यांचंच घर, घरातली मागची खोली या दोघांची, आणि खोलीच्या खिडकीतून दिसायचं ते पुन्हा गॅरेजचं पत्र्याचं छप्पर. लोखंडी जिना उतरला की काम, चढला की घर. सासरे वाईट नव्हते. वाईट असते तर सोपं गेलं असतं. तो तापाने फणफणला तेव्हा त्याच्या उशाशी बसून त्यांनी रात्री काढल्या होत्या. चारचौघांत कधी त्याला टाकून बोलले नव्हते. फक्त त्यांचा एक नियम होता. गॅरेजमधून बाहेर पडणाऱ्या गाडीच्या प्रत्येक मोठ्या बोल्टला शेवटचा हात त्यांचा. जावयाने इंजिन उतरवावं, जोडावं, बोल्ट पान्याने टेकवून ठेवावेत. मग सासरे हातातला कप खाली ठेवून यायचे, पान्याच्या दांड्यावर पाइप चढवायचे आणि अंगाचा भार टाकून असं आवळायचे की लोखंड कण्हायचं. "आता निश्चिंत," म्हणायचे. तो बोल्ट पुढे कधी सोडवायचा झाला तर पहिला झटकाही त्यांचाच. इतक्या वर्षांत जावयाच्या हाती आलेला प्रत्येक बोल्ट आधीच ढिला झालेला होता.

लग्नात त्यांनी लेकीला एक जुनी गाडी दिली होती. तिच्या इंजिनावरच्या पट्ट्याला ताण देणाऱ्या पुलीचं बेअरिंग गेलं, तेव्हापासून गाडी सुरू केली की ती किंचाळायची. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. पुली बदलतो, असं तो कितीदा तरी म्हणाला. सासरे म्हणाले, राहू दे, त्याने कळतं तरी, कोण निघालं आणि कोण आलं. हे ते हसत म्हणाले होते, पण पुली मात्र राहिलीच. भाजी आणायला गेलो तरी दवंडी पिटवून जावं लागतं, असं बायको म्हणायची.

दुसऱ्या शहरातल्या बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये त्याला नोकरी लागली होती. उद्या सकाळी हजर व्हायचं होतं. बायकोचं म्हणणं, बाबांना सरळ सांगून जाऊ. तो सांगायला बसायचाही. पण सासूबाई गेल्यापासून जेवण सासरेच वाढत, आणि त्याने तोंड उघडावं तर पहिली पोळी त्याच्याच ताटात पडलेली असायची. एकाच तोंडाने घासही गिळायचा आणि ते शब्दही बोलायचे, हे त्याला जमलं नाही. मग ठरलं ते असं, की दुपारी सासरे आडवे झाले की पुली बदलायची, गाडी आवाज न करता बाहेर काढायची, आणि तिकडे पोचल्यावर फोन करायचा. भ्याडपणा आहे हा, असं बायको म्हणाली, आणि बॅग भरायला लागली.

सासरे वर जाऊन पडले. त्याने बॉनेट उघडलं. इंजिन आणि गाडीच्या बाजूचा पत्रा यांच्यामध्ये जेमतेम पंजा जाईल एवढी फट. त्या बाजूचा इंजिनाचा आधार बारक्या बोल्टांवर होता, तो सोडवून त्याने इंजिन जॅकवर तोललं, तेव्हा फट थोडी वाढली. मग पुलीच्या मधोमध बसलेल्या बोल्टवर गंज सुटायचं तेल मारलं, पाना चढवला आणि ओढला. बोल्ट ढिम्म हलला नाही. हातोडी मारायची सोय नव्हती, वर ऐकू गेलं असतं. पुन्हा तेल, पुन्हा ओढ. शेवटी त्याने पान्यावर सासऱ्यांचाच पाइप चढवला, डावा पंजा फटीत घालून पाना बोल्टवर दाबून धरला आणि उजव्याने सगळा जोर लावला.

बोल्ट नाही हलला, इंजिन हललं. जॅकवरून सरकून ते पत्र्याकडे कललं, आणि फटीतला पंजा फटीतच राहिला.

आधी दुखलं नाही. आधी फक्त कळलं. पुढे वाकलेला, गाल बाजूच्या पत्र्याच्या कडेला टेकलेला, असा तो उभा राहिला. तेलाचा वास, घामाचा वास. भिंतीवर सासऱ्यांनी लहानमोठे लावून ठेवलेले पाने. तोंडातून आवाज काढला असता तर वरून माणूस धावत आला असता. त्याने ओठ मिटून घेतले. आपण इतकी वर्षं असेच उभे आहोत, फक्त आज ते दिसतंय, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःचाच राग आला.

फार वेळ झाला म्हणून बायको पाहायला आली. तिने जॅकला हात घातला तर इंजिन आणखी कललं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. ती म्हणाली, बाबांना उठवते. तो नको म्हणाला. थोडं थांब, निघेल, म्हणाला.

"अहो, हात जाईल. मग तिकडे जाऊन काय पाना पायाने धरणार?"

ती त्याच्या उत्तरासाठी थांबली नाही.

सासरे बनियनवर खाली आले. लाकडी ठोकळा आणि पहार घेऊन त्यांनी इंजिन बोटभर उचलून धरलं, लेकीने पंजा बाहेर ओढला. सालटी निघाली होती, बोटं सुजायला लागली होती, पण हाडं शाबूत होती. मग सासऱ्यांनी जॅक नीट लावला, पाना उचलला, आणि उलट्या बाजूला एक झटका दिला. बोल्ट सुटला.

"याचे आटे उलटे आहेत," ते म्हणाले. "तू मघापासून आवळत होतास."

जावयाने मान खाली घातली. टायरांच्या मागे हात घालून सासऱ्यांनीच नवी पुली काढली. ती तिथे लपवली आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"मामा, आम्ही आज जाणार होतो."

"ही पुली इथे आली, त्या दिवसापासून माहीत आहे मला."

"मग बोलला नाहीत?"

"कशाला बोलू? बोल्ट होता ना."

लेक जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बॅग घेऊन उभी होती. सासऱ्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, मग जावयाच्या हाताकडे. नवी पुली बसवली, पट्टा चढवला. मग पुलीच्या बोल्टवर पाना लावला, पाइप चढवला आणि थांबले. पाइप त्यांनी जावयापुढे केला.

"घे."

त्याने मूठ वळायचा प्रयत्न केला. बोटं मिटेनात. उजव्या हाताने पाइप धरला, पण पाना डाव्याने दाबून धरायला लागतो, आणि डावा पाना पकडेना. सासऱ्यांनी क्षणभर वाट पाहिली. मग पाइप परत घेतला आणि अंगाचा भार टाकला. लोखंड कण्हलं. या वेळी ते निश्चिंत म्हणाले नाहीत. इंजिनाचा आधार जोडून नळाखाली हात धुवायला गेले आणि बराच वेळ धूतच राहिले.

गाडी बायकोने चालवली. फाटकातून बाहेर पडताना इंजिनाचा फक्त हलका घरघराट होता. टायरवाला पाठमोरा बसला होता, त्याने वळूनही पाहिलं नाही. गल्ली संपली, चौक गेला. किती शांत चालते, बायको म्हणाली. तो मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेला हात घेऊन बसला होता आणि नसलेला आवाज ऐकत होता.

पुली आज ना उद्या पुन्हा झिजणारच. त्या दिवशी नव्या वर्कशॉपमध्ये तो बॉनेट उघडेल, योग्य बाजूला पाना लावेल, आटे उलटे आहेत हे विसरणार नाही. आणि तरीही तो बोल्ट आपल्या हाताने निघणार नाही, हे त्याला शहराची वेस ओलांडायच्या आत कळून चुकलं होतं.