मोटारीचा फोन

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच, तरी बारामतीच्या प्रोग्रॅमिंगच्या क्लासमध्ये डेलिगेट आणि कॉलबॅक मला महिनाभर कळले नाहीत. सर सांगायचे, "काम सोपवा, निरोप कुणाला द्यायचा ते सांगा आणि पुढं चला. काम झालं की निरोप येतो." ते घोकूनच मला पुण्यात ॲप बनवायची नोकरी लागली.

वडिलांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट आली आणि कपाटावरचा त्यांचा फोन वाजला. विहिरीवरच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर आहे. लाइट आली की तो मोटार आपोआप चालू करतो आणि नोंदवलेल्या नंबरला फोन करतो. नंबर वडिलांचाच होता.

आईनं फोन उचलला, 'मोटार चालू झाली आहे' हा रेकॉर्ड केलेला आवाज शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाली, "व्हय, कळलं."

"आई, मशीन हाय ते. माझा नंबर टाकते त्यात."

"टाक की. पुण्यात बसून पिकाला पाणी द्यायला दारं धरणार हायस का तू?" मग हळू म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मोटारीला अजून ठावं न्हाय."

कॉलबॅक मला खरा तेव्हा कळला. माझ्या ॲपमध्ये निरोप घेणारा उरला नसेल, तर निरोप गुपचूप विरून जातो. तशी सोय मीच करते. घरी स्टार्टरमध्ये नंबर तोच आहे. त्याचा रिचार्ज मी चुकवत नाही. मी घरी असताना तो फोन वाजला की आम्ही दोघी आधी वडिलांच्या खाटेकडं बघतो.