बेलीफबाबांचे हप्ते

“आज कोन्या रस्त्यानं आले, मास्तर?”

बेलीफबाबा भेटले की आधी हे विचारत. तब्येतपाणी, मुलंबाळं, सगळं नंतर. विचारताना तंबाखू मळणारा अंगठा थांबायचा आणि मान जराशी कलायची. बाजूला उभ्या असलेल्याला वाटे, म्हातारा उगाच काहीतरी बोलतोय. पण ज्याच्यासाठी तो प्रश्न असे, त्याला तो बरोबर कळे. मलाही कळला होता.

मी तेव्हा देऊळगाव राजाला जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. खोलीपासून शाळा बाजाररस्त्यानं सात-आठ मिनिटांवर. मी मात्र पाऊण तास आधी निघायचो. बालाजीच्या देवळामागची बोळ, मग गोठ्यांची मागची बाजू, मग नदीच्या पात्रातून वळसा आणि माळ्यांच्या मळ्यांच्या कडेकडेनं शाळेचं मागचं फाटक. कारण बाजाररस्त्यावर कापडवाला होता, किराणावाला होता, डॉक्टरांचा दवाखाना होता, आणि या तिघांचंही मी देणं लागत होतो. देणेकरी माणसाच्या डोक्यात गावाचा एक वेगळाच नकाशा असतो. तुमच्यापैकी कुणी तसं हिंडलं असेल तर त्याला तो माहीत असेल.

खरं सांगायचं तर मला त्या वाटा आवडायला लागल्या होत्या. हिवाळ्यात नदीच्या पात्रावर धुकं उतरलेलं असे. मळ्यातून कोथिंबिरीचा ओला वास येई, पाटाचं पाणी कुठून वाहतंय ते दिसत नसे, नुसतं ऐकू येई. मी अर्धवट झोपेत असल्यासारखा चाले. कधी कधी फाटकाशी आलो तरी आपण शाळेला निघालो होतो हेच आठवत नसे. त्या पाऊण तासात मी कुणाचं काही लागत नव्हतो.

बायकोचं बाळंतपण अडलं, जालन्याला न्यावं लागलं, तिथून हे सुरू झालं. पण सगळा दोष बाळंतपणावर टाकणं बरं नाही. मध्ये एक सायकल घेतली होती, टेरिलिनचे दोन शर्ट शिवले होते. शिवाय कुणी मोठ्यानं मागितलं की दुसऱ्याकडून उसने आणून त्याच्या हातावर ठेवायचे, ही माझी रीत. जो गप्प बसे त्याला काही मिळायचं नाही. त्यामुळं हळूहळू सगळेच ओरडायला शिकले, आणि ते मीच त्यांना शिकवलं हे मला फार उशिरा कळलं.

बेलीफबाबांची सगळी नोकरी कोर्टात गेलेली. हुकूमनामा निघाला की जप्तीला हे जायचे. पेन्शन झाल्यावरही अंगात तोच खाकी कोट असे. छातीवरचा पितळी बिल्ला काढून घेतलेला, पण त्या जागेचं कापड इतर कोटापेक्षा गडद राहिलं होतं. नोकरीत असताना ते गल्लीत शिरले की बायका दारं लावून घेत. पेन्शनीनंतर तेच बाबा कोर्टाच्या आधी लोकांच्या दारात जाऊ लागले.

असं का, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. कुठल्याशा घरातलं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी जप्त केलं होतं. बैलगाडीत घातलं तरी ते चालूच. कोर्टापर्यंत सगळा रस्ता टिकटिक करत आलं. “कोर्टात नेऊन ठेवलं तरी सुरूच, मास्तर,” ते म्हणाले. “मी घरी येऊन जेवाले बसलो अन् मनात आलं, त्या घरी आता टाइम कोन सांगत असंन?” एवढं बोलून ते बराच वेळ तंबाखू मळत राहिले. नंतर ते घड्याळ झोपेतही ऐकू यायचं म्हणे.

त्यांचे हप्ते सरळ हिशेबाचे नसत. एका शिंप्यानं किराणावाल्याचे पैसे थकवले होते. बाबांनी हप्ता शिवणात ठरवून दिला. महिन्याला दोन बंड्या. वर्षभरानं किराणावाल्याकडे इतक्या बंड्या साठल्या की त्यानं सासऱ्याला, मेव्हण्याला, नोकराला वाटल्या आणि शेवटी हात जोडून म्हणाला, “बाबा, आता फिटलं म्हना, पन शिवनं थांबवा!”

मला त्यांनी नदीच्या पात्रात गाठलं. सकाळची वेळ, धोतर गुडघ्यापर्यंत खोचून एका दगडावर बसले होते. प्रश्न आला. मी म्हटलं, “बाजारातून.”

“हाव का? मंग बजार इकडं कवा आला?”

आणि ते इतके मनापासून हसले की मलाही हसू आलं. हसता हसता माझे डोळे भरून आले. कित्येक महिन्यांत माझ्याकडून काही न मागणारा तो पहिला माणूस होता. ते उठून माझ्या बाजूनं चालू लागले.

“जप्तीत तवा नेता येत नाही, मास्तर. अंथरून-पांघरून नेता येत नाही. शिंप्याची कैची नाही, बाईचं मंगळसूत्र नाही. एवढं सोडून बाकी मी तीस वर्सं उचललं. मागं जे राह्यते त्याच्यावर मानूस जगते, हे माह्या डोळ्यानं पाह्यलं. तुम्ही भेता कायले?”

संध्याकाळी शाळा सुटल्यावर त्यांच्या ओट्यावर बसलो. कागद नाही, पेन्सिल नाही. बाबांनी हाताची बोटं पुढं केली आणि मी नावं घेतली. डॉक्टर. कापडवाला. किराणा. तीन बोटं उभी राहिली.

“आन्‌?”

“एवढंच.”

“मंग सूनबाई आठ महिन्यांपासून बीबीले काऊन हाय?”

बायको बाळाला घेऊन माहेरी, बीबी गावाला होती. जाताना तिनं माहेरच्या दोन सोन्याच्या पाटल्या माझ्या हातात दिल्या होत्या, ट्रंकेत ठेवायला. कापडवाल्यानं एकदा भर रस्त्यात आवाज चढवला, आणि त्याच आठवड्यात मी त्या पाटल्या गावातल्या एका सावकाराकडे गहाण ठेवल्या. तिला काही माहीत नव्हतं, आणि पाटल्यांशिवाय तिला आणायला जायचं माझं धाडस होत नव्हतं. सावकारानं अक्षय तृतीयेपर्यंतची मुदत दिली होती, त्यानंतर तो पाटल्या मोडणार होता. आणि अक्षय तृतीयेच्या पुढच्याच आठवड्यात तिच्या धाकट्या भावाचं लग्न होतं. तिच्या प्रत्येक पत्रात एक ओळ असे, येताना पाटल्या आणायला विसरू नये. ती पत्रं मी नदीच्या पात्रात बसून वाचायचो. कारण खोलीत ट्रंक समोर दिसायची.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी चौथं बोट उभं केलं. “हे सावकाराचं.” मग करंगळी. “आन्‌ हे सूनबाईचं. पाच झाले.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खोलीशी आले आणि मला बाजाररस्त्यानं घेऊन निघाले. त्या सात मिनिटांच्या रस्त्याला मला जन्म लागल्यासारखं वाटलं. प्रत्येक दुकानाशी ते थांबत आणि खाकरत. बोलायचं मी. किती देणं आहे आणि महिन्याला किती जमेल, ते माझ्याच तोंडानं. कापडवाला भडकला. एवढ्याशा हप्त्यापेक्षा कोर्टात जातो म्हणाला.

“जा की,” बाबा शांतपणे म्हणाले. “कोर्टातून काय भेटते ते मले इचारा. एक सायकल अन् दोन टेरिलिनचे शर्ट. शर्ट तर तुमच्याच दुकानातले.”

कापडवाला हसला आणि तिथंच मामला मिटला. सगळ्यांना थोडं थोडं, एकाच दिवशी, कुणालाही शून्य नाही आणि ओरडणाऱ्याला आधी नाही. सायकल मी विकली आणि ते पैसे डॉक्टरांना दिले. सावकाराशी मात्र तीन फेऱ्या झाल्या. शेवटी तो एवढं म्हणाला की अक्षय तृतीयेची मुदत सोडतो, व्याजही इथंच थांबवतो, पण हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत आला पाहिजे. एक जरी चुकला तर पाटल्या मोडीत.

आता करंगळी राहिली होती. मी म्हणत होतो, सगळं फिटू दे, पाटल्या हातात येऊ देत, मग तिला सांगेन. बाबा म्हणाले, “तवर पोरगी शाळेत जाईन, मास्तर.” आणि एका रविवारी मला एसटीत बसवून स्वतः शेजारी बसले.

बीबीच्या त्या ओसरीवर मी कसा बोललो, हे आता एखाद्या स्वप्नासारखं आठवतं. पोरगी रांगत माझ्याजवळ आली आणि परका माणूस पाहून रडायला लागली. बायकोनं तिला उचललं. मी पाटल्यांचं आणि ठरलेल्या हप्त्यांचं सगळं सांगून टाकलं. ती रडली नाही, ओरडली नाही. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. बेलीफबाबांकडे वळून तिनं विचारलं, “बाबा, सगळ्याइचा हप्ता ठरवला. माहा काय ठरवला?”

तीस वर्षं लोकांच्या घरात शिरलेला तो माणूस गडबडला. तंबाखूची डबी काढली, परत ठेवली. “ते... ते तुम्हीच सांगा, बाई.”

“मले पैसे नको. महिन्याच्या महिन्याले कोनाले किती देलं, किती राह्यलं, हे मले तोंडानं सांगायचं. एक महिना जरी लपवलं तर मी इथंच राहीन.”

“मंजूर हाय का, मास्तर?” बाबांनी विचारलं. मी मान हलवली. येताना बसमध्ये ते खिडकीतून बाहेर बघत होते. मधेच म्हणाले, “हे मले कवा सुचलं नसतं, बरं.”

लग्नात ती नुसत्या हिरव्या काचेच्या बांगड्या घालून उभी होती. बायकांत बसलेल्या तिच्या मावशीनं भर मांडवात विचारलं, “काऊन वं, पाटल्या कुठं हायेत तुह्या?” मी पाहुण्यांच्या हातांवर अक्षता ठेवत होतो. माझे हात थांबले. ती तांदूळ निवडतानाच्या आवाजात म्हणाली, “गहान हायेत, मावशी. सुटतीन.” आजूबाजूच्या चार बायका वळून माझ्याकडे बघू लागल्या. मला शरमेनं मरावंसं वाटायला हवं होतं. पण छातीवरून काहीतरी उतरलं आणि ज्यांना अक्षता देऊन झाल्या होत्या त्यांनाच मी पुन्हा एकदा दिल्या.

लग्नानंतर ती देऊळगावला आली. दर महिन्याला पगाराच्या दिवशी ती चुलीशी बसे आणि मी तिला नावनिशीवार सांगे. पहिल्या दोन महिन्यांत माझी जीभ अडखळे. आषाढात पोरगी हगवणीनं आजारी पडली, औषधाला पैसे गेले आणि सावकाराच्या हप्त्यात निम्मे कमी पडले. तारीख चार. माझ्या डोळ्यांसमोर नदीच्या पात्रातली वाट आली. तरी मी ते तिला सांगितलं. तिनं पोरीला कडेवर घेतलं, डोक्यावर पदर घेतला आणि माझ्या पुढं चालत सावकाराच्या दारात गेली. “निम्मे हायेत. निम्मे नागपंचमीले देतो.” सावकारानं पोरीच्या उतरलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि पैसे मोजून घेतले. नागपंचमीला उरलेले दिले.

बाबांना हे सांगायला गेलो तर ते खाटेवर पडून होते. पाय सुजले होते. “बाई पुढं अन् तुम्ही मागं?” ते हसले. “बरं हाय. असंच चालत जा.”

त्या हिवाळ्यात ते गेले. मी वर्गात पाढे घेत होतो, खिडकीतून कुणीतरी हाक मारून सांगितलं. मुलं पाढे म्हणत राहिली आणि मी खडू धरून तसाच उभा होतो. स्मशानातून परत येताना कापडवाला माझ्या बरोबरीनं चालत होता. त्या महिन्याचे हप्ते मी एक दिवस आधीच नेऊन दिले. कुणी सांगितलं नव्हतं. मला दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

होळीच्या आसपास सावकाराचा शेवटचा हप्ता गेला. त्यानं फडक्यात बांधलेल्या पाटल्या माझ्यापुढं ठेवल्या. घरी येऊन मी त्या तिच्या हातात दिल्या. तिनं घातल्या. हात वाळले होते, पाटल्या मनगटावरून पार कोपरापर्यंत सरकत. तिनं त्या दोनदा मागं-पुढं केल्या आणि म्हणाली, “चला, बाबांच्या घरी जाऊ.”

बाबांची म्हातारी दारातच बसली होती, सूप घेऊन. बायको तिच्या पाया पडली. म्हातारीनं तिचा हात दोन्ही हातांत धरला, डोळ्यांजवळ नेला आणि पाटली बोटानं फिरवून पाहिली.

“तू बीबीची का वं?”

“हाव, आजी.”

“जायाच्या चार दिवस आधी मले म्हनत होते, बीबीच्या बाईच्या पाटल्या सुटल्या की मले सांगजो.”

म्हातारीनं तिचा हात सोडला नाही. तशीच अर्धवट वळून तिनं आतल्या खोलीकडे तोंड केलं आणि नेहमी हाक मारावी तशी मोठ्यानं हाक मारली, “अहो, आयकलं का? सुटल्या!”

आत अंधार होता, खाट उभी करून भिंतीला टेकवलेली होती.