कळलावीचे कंद

आमच्या येरवड्याच्या सोसायटीत रतनरावांशी बोलायचं, तर टोमणा खायची तयारी ठेवावी लागते. पोस्टातून निवृत्त झालेला माणूस कट्ट्यावर बसेल, पेपर वाचेल. यांनी पार्किंगमागच्या पडीक जागेत रानातली झाडं लावली. कळलावी, रानहळद, असलं काहीबाही. लोणी काळभोरच्या पुढे, भावाच्या शेतामागे एक टेकडी होती. मुरमासाठी ती पोखरायला घेतली, तेव्हा हे जेसीबीच्या पुढे पुढे पळत कंद गोळा करत होते. आता तिथे नुसता खड्डा आहे.

श्रावणात ही बाग बघत राहावी अशी. उन्हाळ्यात मात्र वर हिरवं पानही उरत नाही, सगळा जीव जमिनीखालच्या कंदात. सोसायटीवाले साफसफाईला टपलेलेच, म्हणून रतनरावांनी पाटी ठोकली : ‘ही झाडे मेलेली नाहीत. वाळलेले सगळेच उपटायचे असेल, तर सुरुवात कमिटीपासून करावी.’

बायकोला, कल्याणीवहिनींना, तिथे पाय ठेवायची सोय नव्हती. काही विचारलं की, “तुला काय कळतंय त्यातलं?”

यंदा ऐन उन्हाळ्यात रतनरावांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि दवाखान्यातला मुक्काम लांबला. वहिनी रोज डबा घेऊन निघण्याआधी, दुखऱ्या गुडघ्यांनी बादल्या वाहून बागेला पाणी घालायच्या. मी म्हटलं, “वहिनी, कशाला एवढं?” तर म्हणाल्या, “मेलेली नाहीत, असं त्यांनीच लिहिलंय ना? मग जगवायला नकोत? घरी येतील तेव्हा हिरवं दिसू दे त्यांना.”

रतनराव घरी आले. आषाढ सरत आला तरी एक कोंब दिसेना. एका सकाळी माझ्या आणि वहिनींच्या देखत त्यांनी खुरप्यानं माती उकरली. हातात आला तो काळा, घाण वासाचा लगदा.

“इथे पाणी कुणी घातलं?”

“मी,” वहिनी म्हणाल्या. “रोज.”

“कुजवलंस सगळं. उन्हाळ्यात यांना थेंबही चालत नाही. टेकडी गेली, आता आणू कुठून? अगं, एका शब्दानं विचारायचं तरी मला.”

“विचारलं की काय ऐकावं लागतं, ते ठाऊक आहे की तुम्हाला. म्हणून विचारणंच सोडलं मी. बागेचंच नाही, सगळंच.”

शब्दाला शब्द देणारा हा माणूस, पण त्यांनी हातातला लगदा खाली टाकला. मला तर तिथे उभं राहवेना. मग त्यांनी खुरपं वहिनींपुढे धरलं.

“बस. दोघं मिळून बघू. एखादा वाचला असेल.”

दुपारपर्यंत दोघं माती उकरत होती. एकही वाचला नव्हता.