कपाटात तयार झालेली दारू

त्या बाटलीची आठवण झाली की निवृत्तीनंतरही माझा मीच ओशाळतो. पोलीस खात्यात मी शिपाई म्हणून लागलो आणि खात्याच्या परीक्षा देत देत निरीक्षक झालो. शेवटची नेमणूक बोईसर-तारापूर पट्ट्यातल्या एका ठाण्यात, प्रभारी म्हणून. इथे कोणाचंही नाव घेणार नाही. माझं घ्यायला माझी हरकत नव्हती, पण घरचे नको म्हणाले.

त्या ठाण्यात स्पर्धा परीक्षेतून थेट आलेली एक उपनिरीक्षक होती, वयाने माझ्या मुलीएवढी. आधीच सांगून टाकतो, मी तिच्यावर जळत होतो. दोषारोपपत्र ती स्वतः टाइप करायची आणि त्यात न्यायालयाला एकही त्रुटी सापडायची नाही. पालघरच्या आढावा बैठकीत वरिष्ठांनी तिला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. मी शेजारी बसून टाळ्या वाजवल्या आणि परतताना जीपच्या ड्रायव्हरवर विनाकारण खेकसलो. आणि लोक? माझ्याच केबिनच्या दारात उभे राहून विचारायचे, "मॅडम आहेत का?" अरे, प्रभारी मी आहे की ती!

मे महिन्यातली सकाळ होती. पहिल्या पाळीच्या कामगारांना घेऊन निघालेली एक बस बेटेगावजवळ रस्ता सोडून खाली उतरली आणि सायकलवरच्या एका कामगाराचा पाय मोडला. बसचालक पन्नाशीचा, त्याच गावचा. गुन्हा दाखल झाला, तपास तिच्याकडे गेला. ती त्याला रुग्णालयात घेऊन गेली. तो अडखळत बोलत होता, तोंडाला आंबूस वास होता, म्हणून डॉक्टरांनी रक्त आणि लघवी दोन्ही नमुने घेतले. रक्ताची कुपी तयार होती, नमुना टिकवायची पावडर घातलेली. लघवीसाठी मात्र आमच्या हवालदाराने साधीच बाटली आणून दिली.

दुपारी माझ्या मोबाइलवर फोन आला. ती बस ज्या कंत्राटदाराची होती, त्याच्याकडचाच दुसरा चालक होता.

"साहेब, तो रोज सकाळी ताडी मारूनच गाडी काढतो. सगळ्या चालकांना म्हाईत हाय. माझं नाव नका घेऊ."

खबर थेट माझ्याकडे आली, तिच्याकडे नाही! मला गुदगुल्या झाल्या. बातमी पहिल्यांदा कोण देतो आणि का देतो, हे तपासायचं असतं, हे मी नव्या पोरांना वीस वर्षं शिकवत आलो होतो. त्या दिवशी ते मला आठवलं नाही.

संध्याकाळी तिने नमुने प्रयोगशाळेत पाठवायचं पत्र सहीला आणलं. पत्र चोख होतं, तेच खुपलं. मी समास कमी आहे म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी जावक क्रमांकाची जागा चुकली म्हटलं. तिसऱ्या दिवशी फाईलखाली सारून दिलं. तिने दोनदा आठवण करून दिली. "प्रयोगशाळा कुठे पळून जात नाही, मॅडम," मी म्हणालो. सहाव्या दिवशी सही केली. तोवर नमुने मुद्देमालाच्या लोखंडी कपाटात पडून होते, आणि त्या खोलीला पंखासुद्धा नव्हता.

काही आठवड्यांनी अहवाल आला. रक्तात मद्यार्क नाही, लघवीत आहे.

"सापडला!" मी टेबलावर थाप मारली. "रक्तातून उतरते ती लघवीत राहते. पिऊनच आला होता."

"पण सर, अपघात सातला, रक्त नऊच्या आत घेतलं," ती म्हणाली. "बोलताना अडखळण्याइतकी प्यायलेला माणूस दोन तासांत रक्तातून कोरडा होईल?"

"तुम्ही पुस्तकं वाचलीत, मी बेवडे पाहिलेत," असं म्हणून मी चालकाला चौकशीला बोलावलं.

तो आला तो हात जोडूनच. "साहेब, मी नाय पित. आमच्या घरात कोनीच नाय पित." त्याच्या मुलीचं लग्न केळव्याच्या बागाईतदाराच्या मुलाशी ठरत आलं होतं. अपघाताचं त्यांनी समजून घेतलं होतं, पण बाप दारुडा निघाला तर सोयरीक नको, असा निरोप आला होता. अहवालावर सगळं अडलं होतं. "पोरीला काय तोंड दाखवू?" म्हणून तो रडला. आरोपी रडतातच, असं म्हणून मी सोडून दिलं.

चौकशीत तो दर दहा मिनिटांनी पाणी मागायचा आणि लगेच लघवीला जायचा. मला त्याचा राग यायचा. ती मात्र बाकावर त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"काका, तुम्हाला साखर आहे का?"

त्याने आधी दाराकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "हाय, मॅडम. चार वर्सं झाली. कंत्राटदाराला कळलं त गाडी काढून घेनार. म्हनून गोळ्यापन चोरून खातो. त्या आठवड्यात संपलेल्या."

तिने प्रयोगशाळेला दुसरं पत्र लिहिलं. बाटलीत साखर आहे का पाहावं. आणि दारू पोटात गेल्यावर शरीर तिच्यापासून एक वेगळा पदार्थ बनवतं, तो काही दिवस लघवीत सापडतो, तो आहे का तेही पाहावं. या पत्रावर मी लगेच सही केली. ती तोंडावर आपटेल अशी मला आशा होती, दुसरं काही नाही.

उत्तराआधी रसायनतज्ज्ञांचा फोन आला, नेमका माझ्याकडे. "साहेब, लघवीत भरपूर साखर आहे, साखर आंबवणारं किण्व, म्हणजे यीस्ट आहे, आणि पिणाऱ्याच्या लघवीत मिळतो तो पदार्थ अजिबात नाही. हा नमुना आमच्याकडे यायच्या आधी किती दिवस बाहेर होता? फ्रिजमध्ये होता ना?"

मी फोन ठेवला. समोर हवालदार उभा होता, किनाऱ्याकडचा माणूस. मी विचारलं, "काय रे, बाटलीत आपोआप दारू होते का?"

तो हसला. "सायेब, पहाटे उतरवलेली नीरा बाटलीत भरून उन्हात ठेवा. दुपारी ताडीच व्हते ना? गोड हाय म्हनून व्हते. तिला कोनी दारू पाजायला लागत नाय."

चालक प्यायला नव्हता; गोळ्या संपून साखर वाढली म्हणून त्याची जीभ अडखळत होती आणि तोंडाला तो वास येत होता. दारू माझ्या कपाटात तयार झाली होती, सहा दिवसांत, माझ्या एका सहीवाचून.

फोन करणाऱ्या दुसऱ्या चालकाला मी बोलावून घेतलं. "तू त्याला पिताना कधी पाहिलंस?"

"पाह्यला नाय, साहेब." तो घामाघूम झाला. "नवीन एसी गाडी माझी व्हती. मी जुना मानूस. कंत्राटदाराने त्याला दिली. समद्यांसमोर त्याची तारीफ केली. माझ्या जिवाला लागलं."

त्याला झापायला मी उठलो आणि पुन्हा खुर्चीत बसलो. टेबलाच्या अलीकडे काय न् पलीकडे काय, एकाच रोगाचे दोघे बसलो होतो. फक्त त्याच्या अंगावर वर्दी नव्हती.

दारूचं कलम वगळण्याचा अहवाल तिने तयार केला. अपघाताचा गुन्हा राहिला, तो राहणारच होता, आणि चालकाने स्टेअरिंग सोडून गोदामातलं काम पत्करलं. अहवालात 'नमुना पाठविण्यास विलंबाचे कारण' अशी एक ओळ तिने कोरी ठेवली होती.

"इथे काय लिहू, सर?" तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी पेन घेतलं आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, की प्रभारी अधिकाऱ्याने सही केली नाही. पुढे माझी चौकशी झाली, ताकीद मिळाली.

अहवाल गेला त्याच आठवड्याच्या रविवारी मी केळव्याला त्या बागाईतदाराकडे गेलो. वाटलं, सोयरीक वाचवायची तर आपणच जायला हवं. सुपारीच्या बागेत खुर्ची मांडून म्हाताऱ्याने मला पाणी दिलं आणि म्हणाला, "कशाला तरास घेतला, साहेब? मॅडम कालच येऊन गेल्या. मानूस पीत नाय म्हनून कागद दाखवला. आमी सुपारी फोडायचा दिवसपन काढला."

खोटं कशाला बोलू? त्या क्षणीही मी जळलो. इथेही ती माझ्या आधी! मत्सर कबुलीने जात नाही, वयाने जात नाही, हे मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. तो येतच राहतो. तो आपल्या हाताकडून काय करवून घेतो, एवढ्यावरच पहारा ठेवता येतो.

"पन मला येक सांगा," म्हातारा म्हणाला. "बाटलीत दारू आली कशी? मॅडम म्हनाल्या, पत्र ठान्यात अडकलं व्हतं."

तिने माझं नाव घेतलं नव्हतं. हो म्हणून उठलो असतो तर चहा पिऊन सुखाने घरी आलो असतो.

"ठाण्यात नाही," मी म्हणालो, "माझ्यापाशी अडकलं होतं."