नव्या डिस्कवर आलेलं मैनाचं नाव

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. एटापल्लीत बारा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करून राह्यलो. मशीनला भूत लागत नाही, व्हायरस लागतो, असं मीच गिऱ्हाइकांना हसत सांगतो. हे लिहायला लाज वाटते... पण ती भुताची नाही.

सूरजागडकडच्या एका गावच्या ग्रामसभेचा कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून सोनीबाई तो घेऊन आल्या. त्यांच्या नवऱ्यानं मरायच्या आधी गावातल्या म्हाताऱ्यांचे व्हिडिओ त्यात ठेवले होते — जंगलाची हद्द कुठून कुठवर, कोणत्या झाडापासून. वनहक्काच्या दाव्याला तोच पुरावा. त्यातले बहुतेक म्हातारे आता नाहीत.

मी लिनक्स, म्हणजे मशीन चालवणारी सिस्टीम, अपडेट केलं आणि मशीन अडली. सुरू होताना ती डिस्कची मांडणी तपासते ना — स्क्रीनवर इंग्रजीत ओळ आली : 'मैना' या पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या एका भागाची, मांडणी आता चालणार नाही. सोनीबाईंच्या नवऱ्यानं त्याला आपल्या पोरीचं नाव दिलं होतं. ओळ नीट वाचायची होती, बॅकअप घ्यायचा होता. मला कंटाळा आला. फॉरमॅट मारला, डिस्क सगळी पुसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोनीबाई आल्या. "व्हिडिओ हायेत न, भाऊ?"

"व्होल्टेजनं डिस्क आधीच जळली होती, बाई."

"तुमी म्हणता त खरंच असन."

खोटं पचावं म्हणून जुनी डिस्क काढून टेबलावर ठेवली, त्यांच्यासमोर सीलबंद पाकीट फोडून नवी लावली, त्यावर पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकलं. मशीन सुरू केली... आणि तीच ओळ. तेच नाव.

"हे त आमच्या मैनाचं नाव होय," त्या म्हणाल्या. "ते समदे म्हातारे आतमंदी हायेत का अजून?"

"नाही बाई, असंच येते कधी," म्हणत मी बटण दाबून बंद केली. पुन्हा सुरू केली तेव्हा ती ओळ आलीच नाही. नंतर पेनड्राइव्ह, मदरबोर्डमधल्या जुन्या नोंदी, सगळं तपासलं. ते नाव कुठेच नव्हतं.

जुनी डिस्क नागपूरला डेटा परत काढणाऱ्यांकडे पाठवली असती तर कदाचित काही निघालं असतं. पण डिस्क जळली नाही, पुसली आहे, हे तिथे लगेच कळलं असतं. मी ती हातोडीनं फोडली.

दावा व्हिडिओंशिवायच पाठवला गेला. ग्रामसभेत सोनीबाई उठून म्हणाल्या, "भाऊनं लय मेहनत केली आपल्यासाठी." लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी हात जोडले.

ते नाव नव्या डिस्कवर कसं आलं, मला अजून कळलेलं नाही. आणि सोनीबाईंना मी अजून खरं सांगितलेलं नाही.